रविवारचे बाबा

बाबांची दाढी केलेली होती. गाल तुकतुकीत, केसांचा भांग सरळ, इस्त्रीचा शर्ट, आणि स्वतः चक्क व्हरांड्यातल्या खुर्चीत ताठ बसलेले. मी जिन्याच्या तोंडाशीच थबकलो. आपले म्हातारे वडील असे नीटनेटके, जागे बघून माणसाला बरं वाटायला हवं. मला राग आला. खोटं कशाला सांगू, पोटातून वर आला तो रागच होता. त्यांनी पावलांचा आवाज ऐकून मान वळवली, चेहरा उजळला, "आलास?" म्हणाले, आणि मग मी आहे हे दिसल्यावर तो उजेड असा उतरला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. "तू होय," म्हणाले. "तो नाही आला?" तो म्हणजे दादा. सकाळी दादाचाच फोन आला होता, की एका पेशंटचा जबडा सुजलाय, दवाखाना उघडावा लागतोय, आज माझ्याऐवजी तू जाऊन ये, मी अकराला येतो म्हणून कळवून ठेवलंय, बाबा वाट बघत असतील. दादा दातांचा डॉक्टर. कुठेही जायचं तर आधी वेळ घेतो आणि स्वतःकडे येणाऱ्यांनाही वेळ देतो. सख्ख्या भावाच्या घरी यायचं तरी दोन दिवस आधी कळवणार. मी त्याच्या वेळेवर, त्याच्या नावावर, प्रथमच पुढच्या दाराने त्या वृद्धनिवासात शिरलो होतो, आणि त्याच्यासाठी सजवून ठेवलेले बाबा मला बघायला मिळाले होते. उष्टं ताट पुढ्यात यावं तसं वाटलं.

मी मागच्या दाराने येणारा माणूस. लिफ्टची कामं करतो. अर्ध्या शहरातल्या लिफ्टा माझ्या ओळखीच्या आहेत, कुठली कुठल्या मजल्यावर कुरकुरते ते झोपेत सांगेन. त्या वृद्धनिवासाच्या लिफ्टचं कामही आमच्याच कंपनीकडे होतं. त्यामुळे आठवड्यात कधीही, आसपास कुठे काम निघालं की मी मागच्या बोळातून शिरायचो, वॉचमनशी दोन शब्द बोलायचो आणि हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर बाबांच्या खोलीत जायचो. बाकीचे नातेवाईक फोन करून रविवारी यायचे. मला कुणी अडवायचं नाही, कारण मी नातेवाईक आहे हे त्यांना माहीत असूनही मी त्यांच्या लेखी लिफ्टवालाच होतो. आणि बाबा प्रत्येक वेळी झोपलेले. दुपारी झोपलेले, संध्याकाळी झोपलेले, दिवे लागले तरी झोपलेले. दाढीचे खुंट वाढलेले, तोंड किंचित उघडं, चादर गळ्यापर्यंत ओढलेली. तिथली आया लगबगीने पुढे यायची, चादर आणखी वर सारायची आणि म्हणायची, "आत्ताच डोळा लागलाय हो, उठवू नका." मी नाही उठवायचो. पायथ्याशी स्टूल ओढून बसायचो. चादर वरपर्यंत ओढल्यामुळे पाय उघडे पडलेले असायचे आणि ते बर्फासारखे गार. खिडकीत तेलाची बाटली होती. दोन्ही तळवे तेलाने चोळायचो, टाचेपासून सुरू करून बोटांपर्यंत. तेवढं करून हात पुसायचो आणि निघायचो. घरी दादाचा फोन, "काल बाबांनी काय मस्त गप्पा मारल्या, त्यांच्या कारखान्यातल्या फोरमनची नक्कल करून दाखवली." मला फोरमनची नक्कल कधी बघायला मिळाली नाही. मी एकदा विचारलंही, की बुवा, माझ्या वेळेस बरे हे कायम झोपलेले. दादा म्हणाला, "तू वेळी-अवेळी जातोस, त्याला ते काय करणार?" आणि माझ्या मनाने त्याचा सरळ अर्थ लावला. बाबांना माझी चाहूल लागते आणि ते डोळे मिटून घेतात.

असा अर्थ लावायला मला काही फार कष्ट पडले नाहीत. सवयच होती. लहानपणी बाबा आम्हा दोघांना सायकलवरून फिरायला न्यायचे. दादा पुढच्या दांड्यावर, मी मागे कॅरियरवर. दादा दांड्यावर बसून घंटी वाजवायचा, बाबांची हनुवटी त्याच्या डोक्यावर, बाबा सगळं त्याला दाखवायचे, ते बघ कालवा, ते बघ इंजिन. वाऱ्याने अर्धे शब्द उडून जायचे आणि मागे माझ्यापर्यंत नुसता गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. मला दिसायची ती बाबांची पाठ, घामाने चिकटलेला सदरा आणि पट्ट्याचा बकलाविना मागचा भाग. मी दादापेक्षा दोन वर्षांनी लहान. लहान मूल पुढे बसतं, सगळ्या जगात असंच आहे. आमच्याकडे उलटं. एकदा मी हट्ट धरला, रस्त्यातच फतकल मारून बसलो, तर बाबा एवढंच म्हणाले, "तू मागेच बरा." ते तीन शब्द मी अजून चघळतोय, चोथा झाला तरी थुंकवत नाही. बायको म्हणते, तुम्हाला दुसरा उद्योग नाही. खरंच नाही. दादाला डॉक्टर केलं, मला कारखान्याच्या शाळेत घातलं, दादाच्या लग्नात बाबा नाचले, माझ्या लग्नात त्यांची कंबर धरली होती. माझ्याकडे हा सगळा माल व्यवस्थित रचून ठेवलेला आहे, मागाल तेव्हा काढून दाखवतो. तेव्हा झोपलेल्या बाबांचा अर्थ लावायला मला वेळ लागला नाही.

आणि त्या रविवारी त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. दादाने पंचाहत्तरीला दिलेलं, रुंद चामडी पट्ट्याचं, भलं मोठं. मी गेलो की ते उशाशी काढून ठेवलेलं असायचं. म्हणजे थोरला येणार म्हणून दाढी, थोरला येणार म्हणून शर्ट, आणि त्याने दिलेलं घड्याळही. मीही पंचाहत्तरीला काहीतरी दिलं होतं, लोकरीची बंडी. तिचा पत्ता नव्हता. मी खुर्ची ओढून बसलो. "घड्याळ फार घट्ट बांधलंय," मी म्हणालो. घट्ट होतंच, पण मला ते काढायचं होतं, एवढीच गोष्ट. बाबांनी हात मागे घेतला. "असू दे." "अहो, रक्त साकळेल." मी हात धरला, बकल सोडवलं आणि पट्टा उचलला. खाली पावडर होती, अंगाला लावतात ती, वासाची, आणि पावडरीखाली मनगटाभोवती काळपट जांभळा वळ, बांगडीसारखा गोल. काही ठिकाणी कातडी सोलून पुन्हा धरलेली. मी दुसरी बाही वर केली. तिथे घड्याळ नव्हतं म्हणून बाहीचं बटण लावलेलं होतं. तोच वळ. "हे काय आहे?" बाबांनी व्हरांड्याच्या टोकाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "परत बांध ते. तो यायचाय." "तो आज येत नाही, बाबा. मी आलोय. हे कशाने झालं?" "त्याने किती खटपट करून ही जागा मिळवली," ते म्हणाले, "त्याला वाईट वाटेल." पुढे बोलणार एवढ्यात तिथल्या व्यवस्थापिका आल्या. मी मनातल्या मनात त्यांना गोडबाई म्हणायचो, कारण शिव्या दिल्या तरी त्या साखरेत घोळून देतील. "डॉक्टरसाहेब नाही का आले?" हसत म्हणाल्या, आणि त्यांचं लक्ष बाबांच्या उघड्या मनगटाकडे गेलं. हसू तसंच राहिलं. "वयात कातडी अगदी कागद होते हो. नुसतं धरून उठवलं तरी उमटतं." मी घड्याळ परत बांधलं. का बांधलं कोण जाणे. बाबा वर मान करून माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांचं ऐकायची संधी रोज कुठे मिळत होती.

घरी येताना सिग्नलला उभं राहून मी बराच वेळ एकाच ठिकाणी अडकलो. धरून उठवल्यावर बोटं उमटतात, गोल कडं उमटत नाही. पण त्याहून मला दुसरंच काहीतरी टोचत होतं आणि ते काय हे लक्षात यायला संध्याकाळ झाली. बाबा जागे होते. सकाळी अकराला ते जागे होते, धड बोलत होते, नजर साफ होती, आणि मी दिसल्यावर त्यांनी डोळे मिटले नाहीत. हिरमुसले, पण मिटले नाहीत. मग इतर दिवशी कसे काय झोपतात? मी बायकोला म्हणालो, "ते माझ्यावर रुसून झोपत नव्हते." ती भाजी निवडत होती. "तुमच्यावर रुसून माणसं सहा महिने झोपतील, एवढे तुम्ही मोठे कधीपासून झालात?" म्हणाली. चोख बोलते. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी माझं तिथे काहीच काम नव्हतं, तरी पिशवी उचलली आणि दुपारी चारला मागच्या दाराने वर गेलो. बाबा झोपले होते. तोंड उघडं, खुंट उगवायला लागलेले, चादर गळ्यापर्यंत. आया पुढे आली, "आत्ताच डोळा." मी तिला बाजूला केलं आणि चादर उचलली. दोन्ही हात पांढऱ्या सुती पट्ट्यांनी खाटेच्या कडांना बांधलेले होते. खालचं अंथरूण ओलं होतं, आजचं ओलं नव्हतं, वास जुना होता. मी हाका मारल्या, गाल थोपटला, पापण्या हलल्या पण उघडल्या नाहीत. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन असायचे, मुलं परदेशात, रविवारीसुद्धा ज्यांच्याकडे कुणी यायचं नाही असे. त्यांचीही चादर गळ्यापर्यंत. मी तीही उचलली. त्यांचे हातही बांधलेले, पण ते जागे होते आणि माझ्याकडे टक लावून बघत होते. मला म्हणाले, "परत टाका. मोठ्या बाईंना कळेल."

इतके महिने मी त्या चादरीपासून हातभर अंतरावर बसत होतो. लिफ्ट बंद पडली तर मी आधी दार उघडून आत बघतो, हे माझं पोटापाण्याचं काम आहे. इथे मला उघडावंसं वाटलं नाही, कारण चादरीखाली काय असेल ते मला आधीच माहीत होतं, नकार. मोबाइलवर फोटो काढले, पहिले दोन हललेले आले. पट्ट्या सोडल्या, मनगटं चोळली, आणि आयाला म्हणालो, परत बांधलंस तर बघ. ती रडायला लागली. म्हणाली, पूर्ण मजल्याला मी एकटी असते, मला वरून सांगतात तसं करते. तिचा राग करायलाही मला फुरसत नव्हती. मी तडक दादाच्या दवाखान्यात गेलो.

दादाने फोटो बघितले. बघितले म्हणजे मोबाइल लांब धरला, चष्मा वर केला, खाली केला. "पडू नयेत म्हणून बांधत असतील," म्हणाला. "अशा ठिकाणी करतात कधीकधी." "आणि झोपेचं?" "वय झालंय." "रविवारी अकरा वाजता वय होत नाही का?" त्याने मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. मग त्याने ते म्हटलं, जे तो कधीतरी म्हणणारच होता. "तुला ती जागा पहिल्यापासून आवडली नाही. मी शोधली म्हणून. मी केलं की तुला खुपतं. बाबा माझ्याशी बोलतात हे खुपतं." गोडबाई त्याची पेशंट होती, तिच्या दाढा त्याने केल्या होत्या, तिनेच खास शब्द टाकून खाट मिळवून दिली होती. दादाचं बोलणं ऐकून मला चीड यायला हवी होती, पण मला लाज वाटली, कारण ते शंभर टक्के खरं होतं. मला खुपत होतंच. खुपत होतं म्हणूनच मी ते घड्याळ सोडवलं. चांगल्या मनाच्या माणसाने ते बांधलेलंच ठेवलं असतं. मी म्हणालो, "बरं, खुपतं. तू माझ्याबरोबर चल. फोन न करता." "आत्ता?" "आत्ता. वेळ न घेता. एकदा करून बघ."

त्याला मागच्या बोळातून नेलं. पांढरा कोट गाडीत काढून ठेवायला लावला. बोळात कचऱ्याचे डबे, वाहतं गटार, दादा पाय उचलून चालत होता आणि मी मुद्दाम सावकाश चालत होतो. वॉचमनने मला हात केला, याला विचारलं नाही, माझा हाताखालचा माणूस समजला असेल. आम्ही जिन्याने चढलो. वर बाबा परत बांधलेले होते. दादाने चादर स्वतः उचलली. मग त्याने पट्ट्या सोडून बाबांना कुशीवर वळवलं, डॉक्टर माणूस, त्याला कुठे बघायचं ते माहीत होतं. माकडहाडावर जखम होती, तळहाताएवढी, खोल. मला ती दिसलीच नव्हती. दादा बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसला, गुडघ्यांत डोकं घालून. मी दाराशी उभा राहून त्याच्याकडे बघत होतो आणि मला आनंद होत होता. बाबा आत त्या अवस्थेत पडलेले आणि मला आनंद होत होता, की आयुष्यात एकदा तरी मी आधी बघितलं आणि याला मी दाखवलं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. पण होतं ते होतं.

बाबांना त्याच संध्याकाळी हलवलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जखमा मोजून लिहिल्या, रक्त तपासायला घेतलं, त्यात झोपेचं औषध निघालं, कुणीच लिहून न दिलेलं. पोलिसांत तक्रार दिली. वकीलबाई वहिनीच्या माहितीतल्या होत्या, बोलण्यात करकरीत, समोरच्याला रडायलाही देत नसत. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "माणूस बाहेर काढलात हे बरं केलंत. पुष्कळ लोक आधी भांडतात आणि माणूस आतच राहतो. आता कपडे, चादर, काही धुऊ नका. काय बघितलं ते दोघांनी वेगवेगळं बसून लिहा, एकमेकांचं बघू नका." तशी वेळच येणार नव्हती. आम्ही दोघं त्यांच्या कचेरीत दोन टोकांना बसलो होतो, शाळेत बसावं तसे. पोस्टमन मात्र तिथेच होते. त्यांना हलवायला त्यांचं स्वतःचं कुणी नव्हतं आणि आम्हाला हक्क नव्हता. पोलिसांचा माणूस विचारायला गेला तेव्हा ते गोडबाईंच्या देखत "सगळं ठीक आहे" म्हणाले होते. वकीलबाईंचं म्हणणं, ज्येष्ठांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे तुमच्या वडिलांचा जबाब टिकला तर बाकीच्या खोल्याही उघडता येतील. नाही टिकला तर ते म्हणतील, भांडखोर नातेवाईक आहेत. गोडबाईंच्या वकिलाने तसं लेखी म्हटलंही होतं. थोरले चिरंजीव दर रविवारी येत, समाधान व्यक्त करून जात. धाकट्यांचा थोरल्यांवर जुना आकस आहे. हे त्यांना कुणी सांगितलं असेल? बाबांनीच, रविवारी, गप्पांच्या ओघात. दुसरं कोण सांगणार.

बाबा अर्थातच दादाकडे राहायला गेले. त्याच्याकडे मोकळी खोली आहे, माझ्याकडे स्वयंपाकघरात पाय पसरले तर दारापर्यंत पोचतात. औषध उतरायला लागल्यावर बाबा दिवसाही जागे राहू लागले. मी गेलो की बघायचे, "काय रे, कशी काय लिफ्ट?" एवढं विचारायचे आणि मग पुन्हा दादा कधी येतो म्हणून दाराकडे. दादाने त्यांच्यासाठी नर्स ठेवली, म्हणून मला पायाला हात लावायचं कारण राहिलं नाही. मी खुर्चीत बसायचो. वहिनी चहा द्यायची, चांगल्या कपात, पाहुण्यांच्या. मला वाटायचं, ते बांधलेले होते तेव्हा निदान त्यांचे पाय तरी माझे होते. असलं मनात आलं की मी उठून गॅलरीत जायचो.

जबाबाच्या दिवशी अधिकारी दादाच्याच दिवाणखान्यात आले, बाबांना नेणं अवघड म्हणून. सर्दी झालेले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. बरोबर लिहून घेणारा एक कारकून. गोडबाई आल्या होत्या, त्यांचा वकील, आमच्या वकीलबाई. बाबा आरामखुर्चीत, पाय स्टुलावर. दादाचा जबाब आधीच झाला होता, त्याने सरळ सांगितलं होतं, मी फक्त रविवारी जात होतो, फोन करून. बाबांनी छान सुरुवात केली. नाव, गाव, कारखाना. पट्ट्या बांधायचे हे सांगितलं, कडू गोळी भातात कालवायचे हे सांगितलं. मग समोरच्या वकिलाने अगदी प्रेमाने विचारलं, "काका, तुम्हाला भेटायला कोण यायचं?" "थोरला," बाबा म्हणाले. "रविवारी यायचा गप्पा मारायला. आणि मधल्या वारी यायचा, पाय चोळायला. डोळे उघडायचे नाहीत माझे, पण कळायचं." "थोरलेच? धाकटे नाहीत?" "तो नाही येत. त्याला माझा राग आहे." बाबा हे दुखऱ्या आवाजात म्हणाले नाहीत, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले. "मी त्याला सायकलवर मागे बसवायचो ना. थोरल्याला सायकलवर झोप लागायची. दोनदा पडला. म्हणून पुढे, हातांच्या मध्ये. धाकटा लहान असून घट्ट धरायचा, त्याची काळजी नसायची. पण ते त्याच्या मनातून गेलं नाही."

मी भिंतीकडे बघितलं. दादाला सायकलवर झोप लागायची हे मला आठवत नव्हतं. मला फक्त पाठ आठवत होती. पण विचार करायला सवड कुठे, वकील अधिकाऱ्यांकडे वळला होता. "साहेब, नोंद व्हावी. थोरले चिरंजीव स्वतः सांगतात की ते रविवारखेरीज गेले नाहीत. हे म्हणतात मधल्या वारी आले. यांना स्वतःची मुलं ओळखता येत नाहीत, मग पट्ट्या आणि गोळ्या तरी कशावरून?" अधिकाऱ्यांनी रुमाल नाकाला लावला आणि कारकुनाला थांबायची खूण केली. सगळं तिथे लटकलं. पोस्टमन होते त्या खोलीचं बंद दार माझ्या डोळ्यांपुढे आलं. आमच्या वकीलबाई उठल्या. "पायांना विचारा साहेब," म्हणाल्या. "ते म्हणताहेत डोळे मिटलेले होते. मग मिटूनच विचारा."

अधिकारी बरं म्हणाले. वहिनीने ओढणी आणून बाबांच्या डोळ्यांवर सैल बांधली. बाबांना गंमत वाटत होती. कुणी बोलायचं नाही असं ठरलं. आधी कारकुनाने तळव्याला हात लावला. बाबा म्हणाले, "कोण हे? गुदगुल्या करतंय." मग दादा खाली बसला. दादाचे हात मऊ, दिवसातून वीस वेळा धुतलेले. त्याने दोन्ही पाय धरले, जपून, आणि मला दिसलं की त्याला काय करायचं ते माहीत नाही. बाबांनी थोडा वेळ वाट बघितली. "हा नाही," म्हणाले. "ही नर्स का?" दादा उठला. मी बसलो. टाच हातात घेतली, अंगठा खालून वर, मग कडेने, बोटांपर्यंत. बाबांचा श्वास संथ झाला. डोकं मागे टेकलं. "हा," ते म्हणाले. "हा थोरला. खरखरीत अंगठा, ग्रीसचा वास. टाचेपासून सुरू करतो हा." मग कुणी न विचारता पुढे म्हणाले, "हा आला की कळायचं, दिवस सरला. याच्या हाताची ऊब जाईपर्यंत मी मोजत राहायचो. हा गेला की ती बाई सांगायची, आवळ गं, आता कुणी येत नाही." आणि त्यांनी ओढणीखालून, न बघता, गोडबाईंच्या आवाजाची नक्कल केली. हुबेहूब केली. कारकून हसला आणि लगेच गंभीर झाला. गोडबाई पहिल्यांदाच हसत नव्हत्या.

अधिकाऱ्यांनी माझे हात उलटे करून बघितले, नखांतलं काळं बघितलं, आणि कारकुनाला सांगितलं, "लिहा. नावात चूक आहे, माणसात नाही." मग गोडबाईंच्या वकिलाला म्हणाले की जबाब ग्राह्य धरतोय, आणि तिसरा मजला आज संध्याकाळीच तपासायला माणूस पाठवतोय, शेजारच्या खाटेपासून. वकीलबाई कागद आवरायला लागल्या. वहिनीने ओढणी सोडली. बाबांनी डोळे चोळले, समोर दादा उभा होता, त्याच्याकडे बघून तोंडभर हसले आणि हात पुढे केला. "तूच ना रे?"

दादाने हात घेतला नाही. "नाही बाबा," तो म्हणाला. "तो." आणि त्याने खाली माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं शेजारी वाढलो, पण त्याच्या तोंडावर असलं काही मी कधी बघितलं नव्हतं. ओळखायला मात्र क्षण लागला नाही, रोज दाढी करताना आरशात बघत आलो आहे. मला त्याची कीव यायला हवी होती. नाही आली. बाबा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते, आणि पटलेलं नव्हतं त्यांना. मी दुसरा पाय मांडीवर घेतला आणि टाचेपासून सुरू केलं.